प्रमाणपत्राची मुदत आणि हातांची मुदत

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाचा आनंददायक समारंभ नुकताच पार पडला. अशा मंगल प्रसंगी हृदय बंद पडण्याची भाषा काढणे कोणास अप्रशस्त वाटेल. परंतु घरातील माणूस वाचविण्याचा विषय मांडावयास आप्तस्वकीयांच्या मेळाव्याहून अधिक योग्य स्थान आम्हांस तरी दिसत नाही.

हृदय एकाएकी थांबले असता छातीवर तालबद्ध दाब देऊन रक्ताभिसरण चालू ठेवण्याची जी क्रिया, तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून सीपीआर म्हणतात. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स संस्थेतील कौवेनहोव्हेन, ज्यूड आणि निकरबॉकर या तिघांनी १९६० साली छाती न उघडता असा दाब देण्याची रीत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी नॉर्वेतील खेळणी बनविणारे आस्मुंड लेर्दाल यांनी सरावासाठी मानवाकृती पुतळा तयार केला. डॉक्टरांची ही विद्या त्यामुळे सामान्य गृहस्थाच्या हाती येऊ शकली.

आपल्यापैकी पुष्कळांनी हे शिक्षण एखाद्या शिबिरात घेतलेले असेल. प्रमाणपत्रही कपाटात जपून ठेविले असेल. आमचा प्रश्न एवढाच की, त्या शिक्षणाची उजळणी किती काळाने करावी?

अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या प्रमाणपत्राची मुदत दोन वर्षांची असते. त्यावरून दोन वर्षे निश्चिंत राहावयास हरकत नाही, असा समज पसरलेला आहे. अनुभव मात्र निराळा आहे. शिकलेल्यांची वेळोवेळी परीक्षा घेतली असता असे आढळून आले की, काही महिन्यांतच हातांचे कौशल्य उणावू लागते. काय करावयाचे हे मनुष्य सांगू शकतो. पण प्रत्यक्ष दाब देताना तो उथळ पडतो, गती चुकते, किंवा दोन दाबांच्या मध्ये छाती पूर्ववत वर येऊ देण्याचे भान राहत नाही. याच कारणास्तव त्याच असोसिएशनने रुग्णालयांतील सेवकांसाठी दर तीन महिन्यांनी थोडा थोडा सराव करण्याची योजना आखली आहे.

कोणी म्हणेल, पोहणे एकदा आले की जन्मभर विसरत नाही, मग हेच का विसरावे? याचे उत्तर सोपे आहे. पोहणारा मुलगा महिनोन् महिने विहिरीत डुंबत असतो. ही क्रिया आपण एका दुपारी शिकतो आणि पुढे, ईश्वरकृपेने, ती करण्याचा प्रसंगच येत नाही. जो हात कधी चालत नाही, त्याला रियाज हवाच.

उजळणीचे दुसरेही कारण आहे. खुद्द शास्त्र बदलत असते. २००५ पूर्वी शिकलेल्यांना प्रौढ रुग्णास पंधरा दाबांनंतर दोन श्वास देण्याचे प्रमाण ठाऊक असेल. त्या साली ते तीस दाबांस दोन श्वास असे झाले. २०१० साली क्रमही बदलला आणि श्वासाआधी छातीवर दाब सुरू करावा असे ठरले. भारतात भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ साली सामान्य नागरिकांसाठी केवळ छातीदाबाची सुटसुटीत पद्धती पुरस्कारिली. बुडालेल्या माणसास आणि लहान मुलांस श्वासाचीही गरज असते, हे मात्र प्रशिक्षकाकडून नीट समजून घ्यावे.

आता उजळणीत काय घटवावयाचे, तेही सांगतो. माणूस हाकेस ओ देत नाही आणि श्वास घेत नाही, किंवा मधूनच आचके देतो, हे दहा सेकंदांच्या आत ओळखावे. आचक्यांना श्वास समजून थांबू नये. कोणास तरी १०८ वा ११२ क्रमांकावर दूरध्वनी करावयास सांगावे. रुग्णास कठीण जमिनीवर उताणे निजवून छातीच्या मध्यभागी तळहाताची टाच ठेवावी, कोपरे ताठ धरावीत, आणि मिनिटाला १०० ते १२० या गतीने छाती पाच ते सहा सेंटिमीटर खाली जाईल असा दाब द्यावा. दोन मिनिटांनी दुसऱ्याने जागा घ्यावी. हे वाचून येणारे नव्हे. पुतळ्यावर घाम गाळूनच येणारे आहे.

ही आपत्ती बहुधा घरातच ओढवते. समोर असते ती पत्नी, सून, मुलगा किंवा शेजारी. रक्तपुरवठा थांबल्यावर चारपाच मिनिटांत मेंदूस इजा होऊ लागते, आणि रुग्णवाहिका कितीही तत्पर असली तरी तितक्या अवधीत ती दारी येणे क्वचितच घडते. मधल्या त्या मिनिटांत जे काही करावयाचे, ते घरच्या माणसांनाच करावे लागते.

सर्वांस लागू पडेल असा एकच नेमका कालावधी शास्त्राने अद्याप ठरविलेला नाही. तथापि संपूर्ण वर्ग दोन वर्षांनी आणि हातांचा सराव तीन महिन्यांनी, फार तर सहा महिन्यांनी, हा नेम कुटुंबांस झेपण्यासारखा आहे. त्यासाठी वेगळ्या सभा भरविण्याचेही कारण नाही. संक्रांतीचे हळदीकुंकू, वर्षप्रतिपदेचा मेळा, आषाढातील गुणगौरव आणि कोजागिरी हे आपले चार कार्यक्रम सुमारे तीन तीन महिन्यांच्या अंतरानेच येतात. संस्थेने निधीतून एक पुतळा घ्यावा, जाणत्या प्रशिक्षकास पाचारण करावे, आणि प्रत्येक कार्यक्रमात अर्धा तास यासाठी राखून ठेवावा. हळदीकुंकवास जमणाऱ्या भगिनींचा सराव सर्वांत अगत्याचा, कारण घरी पुष्कळदा त्याच जवळ असतात.

कार्यकारी मंडळाने या सूचनेचा विचार करून येत्या संक्रांतीपासूनच आरंभ करावा, अशी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.