सकाळ कागदाची, शनिवार मित्रांचा

निवृत्तीनंतर मी नोएडात राहतो आणि सियाचीनमधल्या दिवसांवर मराठीत पुस्तक लिहितोय. घरचे विचारतात, मित्रांबरोबर एवढं भटकता, मग पुस्तक पुरं कधी होणार?

मी त्यांना नगरच्या किल्ल्याची गोष्ट सांगतो. १९४४ मध्ये नेहरूंनी तिथे कैदेत असताना पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं. मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, नरेंद्र देव आणि असफ अली या सोबत्यांशी झालेल्या गप्पांचा किती उपयोग झाला, हे त्यांनी प्रस्तावनेत आवर्जून सांगितलंय.

माझा हिशेब सोपा आहे. पहाटे साडेपाच ते आठ लिखाण, फोन दुसऱ्या खोलीत. शनिवारी मेट्रोने लोधी गार्डन. नोव्हेंबरात दिल्लीची हवा बिघडली की फिरणं बंद आणि लिखाण जास्त. फेब्रुवारीत फुलं आली की उलट.

खिशात छोटी वही असतेच. ‘ऑपरेशन मेघदूत’ १३ एप्रिल १९८४ ला सुरू झालं, हे कुठल्याही पुस्तकात सापडेल. पण बर्फ वितळवून चहा होईपर्यंत कोण काय बोलायचं, हे फक्त आमच्या बाकावरच्यांना ठाऊक. त्यातला एक गेला. दुसऱ्याला आता नावं आठवत नाहीत.

म्हणून सांगतो, पुस्तक महिनाभर उशिरा आलं तरी चालेल, शनिवार चुकवू नका. जय हिंद!