रिस्टार्टच्या आधीची पाच मिनिटं

वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्यापासून थेट जालना-परभणीपर्यंतच्या सर्व्हर रूममधून रात्रपाळी उरकून गारखेड्यात पोचलेल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षाने व्यवसायाच्या भवितव्यावर बोलावं, अशी पद्धत आहे. मी आज एका बिघाडावर बोलणार आहे. सर्व्हरचं नेटवर्क कार्ड, जे चालता चालता पडतं आणि तुम्ही पोचेपर्यंत पुन्हा चालू झालेलं असतं. मेलेलं कार्ड कोणीही ओळखतं, बदलतं, बिल लावतं. हे अधूनमधून पडणारं कार्ड मात्र आपल्या चांगल्या चांगल्या माणसांचा आत्मविश्वास पोखरतं. फोन येतो, "नेट गेलंय, सगळी लाइन थांबलीय, लवकर या." आपण जातो, रिस्टार्ट मारतो, चालू होतं, कॉल बंद होतो. पंधरा दिवसांनी तोच फोन. माझी मागणी साधी आहे: रिस्टार्टच्या आधीची पाच मिनिटं तंत्रज्ञाच्या हक्काची असली पाहिजेत.

कारण रिस्टार्टने बिघाड जातो आणि त्याच्यासोबत पुरावाही जातो. लिनक्स कर्नलचे संदेश मेमरीत असतात. अनेक जुन्या यंत्रणांवर जर्नल डिस्कवर कायमचं साठवायची सोय चालू केलेली नसते, त्यामुळे वीज गेली किंवा रिस्टार्ट मारला की तो मजकूर पुसला. एथटूलमध्ये दिसणारे कार्डाचे आकडेही शून्यापासून सुरू होतात. आणखी एक गोष्ट आपल्यातल्या अनेकांच्या नजरेतून सुटते. पाठवायची रांग अडकली की कर्नलचा वॉचडॉग ठरलेल्या वेळेनंतर, बहुतेक ठिकाणी पाच सेकंदांनी, 'ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट' असा संदेश देतो आणि ड्रायव्हरला कार्ड नव्याने सुरू करायला सांगतो. जुन्या कर्नलमध्ये ही सविस्तर नोंद एका बूटमध्ये एकदाच छापली जाते. दुसऱ्या, तिसऱ्या वेळी फक्त ड्रायव्हरची रिसेटची एखादी ओळ उरते. म्हणजे ती पहिली नोंद हातची गेली, तर पुढच्या बूटपर्यंत तशी नोंद मिळत नाही.

वाळूजमधल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यातली गोष्ट सांगतो. नाव सांगण्याची गरज नाही. सर्व्हर जुना, मदरबोर्डवरच इंटेलची ८२५७४एल ही नेटवर्क चिप, वर तितकंच जुनं लिनक्स. केबल बदलून झाली, स्विच बदलून झाला, यूपीएसवर आळ घेऊन झाला. मग तिथे आपल्यातलीच एक तरुण मुलगी देखभालीला लागली. तिने एक वही सुरू केली आणि प्रत्येक वेळी लिंक कधी पडली ते त्यात लिहू लागली. वहीचं पान भरल्यावर दिसलं, की हे कार्ड कामाच्या गर्दीत कधीच पडलेलं नाही. ते पडतं साप्ताहिक सुट्टीला, नाहीतर रात्रीचा बॅकअप संपल्यानंतरच्या शांत वेळात. पुढच्या खेपेला तिने रिस्टार्ट मारण्याआधी एलएसपीसीआय ही आज्ञा चालवली. कार्डाच्या नावापुढे आवृत्तीच्या जागी 'एफएफ' आलं होतं. ही खूण पक्की ओळखून ठेवा. कार्ड पीसीआय एक्सप्रेसच्या बसवर उत्तर द्यायचं थांबलं, की प्रत्येक वाचनाला सगळे एक परत येतात आणि ते असं दिसतं. अशा वेळी केबल तपासून उपयोग नाही. बिघाड कार्ड आणि बोर्ड यांच्यामधल्या दुव्यात आहे.

तो दुवा काम नसताना वीज वाचवण्यासाठी झोपतो. त्या व्यवस्थेला एएसपीएम म्हणतात. ८२५७४ला ही झोप मानवत नाही. पुढे ई१०००ई ड्रायव्हरमध्येच या चिपसाठी ती बंद करण्याची तजवीज करावी लागली. त्या मुलीने बायोसमध्ये आणि कर्नलच्या बूट ओळीत एएसपीएम बंद केलं आणि सुट्टीच्या दिवसांचे फोन थांबले. नवं कार्ड घ्यावं लागलं नाही. वहीतली एक नोंद आणि ती एक आज्ञा, दोन्ही मिळून पाच मिनिटांचं काम होतं.

जिथे दुखतं तिथेच दोष असतो, हे गृहीतक या धंद्यात फार महागात पडतं. २००८च्या सप्टेंबरात लिनक्स २.६.२७च्या चाचणी आवृत्त्या वापरणाऱ्यांची इंटेलची नेटवर्क कार्डं अचानक निकामी होऊ लागली. त्यांच्या कायम स्मृतीतला मजकूरच बिघडत होता. रिस्टार्टनेही ती उठत नव्हती. सगळा संशय ई१०००ई ड्रायव्हरवर. वितरकांनी तो बंद ठेवला, इंटेलच्या अभियंत्यांनी ती स्मृती लिहिण्यापासून सुरक्षित केली. ऑक्टोबरात मूळ सापडलं, ते भलतीकडेच. कर्नलच्या आतल्या हालचालींचा माग काढणारी एफट्रेस नावाची सोय चालत्या कोडमध्ये बदल करत होती. एखाद्या मॉड्यूलच्या सुरुवातीच्या कामाचा भाग मेमरीतून मोकळा झाला, तरी एफट्रेसच्या यादीत त्याचा पत्ता तसाच राहायचा. तोच पत्ता नंतर नेटवर्क कार्डाच्या स्मृतीला मिळाला, की एफट्रेस तिथे जाऊन लिहायची. 'आधी तुलना कर, जुळलं तरच बदल' अशी ती सूचना होती. पण प्रोसेसर ती पाळताना तुलना फसली तरी लिहिण्याची क्रिया करतोच, आणि कार्डाची स्मृती म्हणजे काही साधी मेमरी नव्हे. २.६.२७.१मध्ये ती सोय बंद करण्यात आली. जगातली तरबेज माणसं कित्येक आठवडे ड्रायव्हर उलगडत होती, आणि दोष होता दोष शोधण्यासाठी बनवलेल्या साधनात. म्हणून मी कोणत्याही नव्या मुलाला सांगतो: लॉगमध्ये ड्रायव्हरचं नाव आलं याचा अर्थ ड्रायव्हर गुन्हेगार ठरला असा होत नाही. तो तक्रार नोंदवणारा असू शकतो.

याच ८२५७४एलची २०१३ची हकिगतही तुम्हाला माहीत असायला हवी. क्रिस्टियन कीलहॉफ्नर या अमेरिकी अभियंत्याच्या इंटरनेट फोनच्या यंत्रणेत कार्डं मध्येच मूर्च्छित व्हायची आणि नुसत्या रिबूटने उठायची नाहीत, वीजच तोडावी लागायची. त्याने पॅकेट पकडत, एकेक बदल करत अखेर ते एका बाइटवर आणलं. पॅकेटमध्ये एका ठरावीक जागी, १६च्या पायात सांगायचं तर ४७एफवर, २ हा अंक आला की कार्ड बंद. तिथे ४ आला, की तेच कार्ड पुढच्या घातक पॅकेटलाही दाद देईनासं व्हायचं. इंटेलने तपास करून सांगितलं, की एका उत्पादकाच्या मदरबोर्डवर कार्डाच्या ईईपीरॉममध्ये चुकीचा मजकूर भरला गेला होता. हा माणूस दर वेळी बंद-चालू करून घरी गेला असता, तर तो बाइट आजही कुणाला सापडला नसता.

आपल्या शहरात मलिक अंबरने जमिनीखालून पाणी आणलं, त्या नहरीला जागोजागी आत डोकावायची तोंडं ठेवली आहेत. पाणी कुठे गळतं ते शेवटच्या हौदावर उभं राहून कळत नाही, तोंडातोंडाशी जाऊन पाहावं लागतं. पॅकेटच्या वाटेवरही अशी तोंडं आहेत. एथटूलच्या आकड्यांत सीआरसीच्या चुका वाढत असतील, तर केबल, कनेक्टर, एसएफपी मॉड्यूल किंवा पलीकडचा स्विच पाहा. 'मिस्ड' वाढत असेल, तर कार्डाने पॅकेट घेतलं, पण सर्व्हरने ते वेळेत उचललं नाही. तिथे रिंगचा आकार आणि प्रोसेसरवरचा भार पाहा. दोन्ही शून्य आणि तरी वॉचडॉग ओरडतो, तेव्हा ड्रायव्हर, फर्मवेअर आणि बस यांच्याकडे वळा. ड्रायव्हर आणि फर्मवेअर यांच्या आवृत्त्या एकाच ओळीत लिहून ठेवा. एक पुढे गेली आणि दुसरी मागे राहिली, अशा जोडीने मी स्वतः पुष्कळ रात्री खाल्लेल्या पाहिल्या आहेत.

आपल्याकडच्या हवेलाही यात जागा द्यावी लागेल. एप्रिल-मे महिन्यांत इथे पारा चाळीसच्या वर जातो. लहान कारखान्यांत सर्व्हर जिन्याखालच्या कपाटात असतो, आणि सुट्टीला एसी बंद होतो. तांब्याच्या तारेवर दहा गिगाबिट चालवणारी एसएफपी मॉड्यूल मुळातच तापतात. ऊन उतरलं की लिंक परत येते आणि तक्रार खोटी ठरते! वहीत वेळेशेजारी तापमानाचा रकाना घाला. आयपीएमआयच्या स्वतंत्र नोंदवहीत तापमान, पंखे आणि बसच्या चुका यांतलं बरंच काही रिस्टार्टनंतरही टिकून राहतं. ती उघडायची सवय आपल्याकडे फारच कमी आहे. आणि व्यवस्थापनाचं पोर्ट स्वतंत्र असू द्या. ते मुख्य कार्डाच्याच वाटेने जात असेल, तर कार्ड पडल्यावर सर्व्हरकडे जायची दुसरी वाट उरत नाही.

मालक मंडळींपैकी काही जण आज सभागृहात आहेत, त्यांना हात जोडून सांगतो. उत्पादन थांबलेलं असताना पाच मिनिटंसुद्धा जड वाटतात, हे मला कळतं. पण ती पाच मिनिटं नाकारली, की वर्षभर तुकड्यातुकड्याने त्याहून कितीतरी अधिक वेळ आणि एखादं उगीच बदललेलं कार्ड तुमच्याच खात्यात पडतं. रात्री अडीच वाजता एकटा उभा असलेला मुलगा फोनवरच्या ओरडण्यासमोर तुमच्याशी वाद घालू शकत नाही. त्याला कराराचं बळ द्या.

त्यासाठी दुपारच्या सत्रात दोन ठराव मांडले जातील. पहिला: देखभालीच्या प्रत्येक करारात रिस्टार्टपूर्वी नोंदी घेण्याचं कलम असावं, आणि त्यात कर्नलचे संदेश, एथटूलचे आकडे, एलएसपीसीआयचा मजकूर आणि आयपीएमआयची नोंद यांचा स्पष्ट उल्लेख असावा. दुसरा: मराठवाड्यातल्या तंत्रज्ञांची बिघाडांची एक सामायिक नोंदवही मराठीत सुरू व्हावी. ग्राहकाचं नाव गाळून फक्त चिप, ड्रायव्हर, फर्मवेअर, लक्षण, वेळ आणि उपाय लिहायचा. वाळूजच्या त्या सर्व्हरची नोंद पहिल्या पानासाठी तयार आहे. तुमच्या वह्या आणल्या असतील, तर जेवणाच्या सुट्टीत प्रवेशद्वाराजवळच्या टेबलावर द्या. तिथे त्यांची छायाचित्रं घेऊन त्या लगेच परत मिळतील.