मशीन उघडण्याची वेळ

(पन्हाळ्यावरील वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



व्याख्यानमालेचं बोलावणं आलं तेव्हा मी आधी नाही म्हणालो. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली आणि त्या रानड्यांचं शाळेचं वय आपल्या कोल्हापुरात गेलं. तेव्हापासून या व्यासपीठांवर विद्वान बोलत आलेत. मी चहा-कॉफीची आणि खाऊच्या पुड्यांची मशीनं चालवतो. पण ज्यांनी बोलावलं त्यांनी एकच वाक्य टाकलं. म्हणाले, "धंदा बुडाला नव्हता, तरी तू बुडाला होतास. ते कसं झालं तेवढं सांग." हा प्रश्न मलाही तीन वर्षं पुरला आहे, म्हणून आलो.

आमचं मूळ घर गडाखालचं. वडिलांचं गुऱ्हाळ होतं. काहील चढली की चुलाणापाशी माणसं जमायची. कुणी काकवीला भांडं घेऊन यायचं, कुणी नुसतंच शेकायला. रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारून रस पाजायचा हा रिवाज होता, त्याचे पैसे कुणी घेत नसे. गुळव्यानं वाफा पाहून खूण केली की काहील उतरायची. होळीच्या आसपास ऊस संपला की गुऱ्हाळ निवायचं आणि वडील चार दिवस नुसते झोपायचे. ती झोप मी पाहिली आहे. तिच्याकडे पुढे यायचं आहे.

२०१८ साली मी पहिलं मशीन घेतलं, कर्ज काढून. एका लॉजच्या व्हरांड्यात ठेवलं. पुढे चार वर्षांत नऊ झाली. गडावर तीन, बाकीची वारणानगर, कोडोली आणि शिरोलीच्या एमआयडीसीत. लोकांना वाटतं, मशीन म्हणजे बसून पैसे. मलाही तसंच वाटलं होतं, म्हणून ते कसं चालतं ते थोडं सांगतो.

आपला गड समुद्रसपाटीपासून बराच उंच. जूनमध्ये ढग उतरतात ते घरातल्या कपाटात शिरतात, तर मशीनमध्ये का शिरणार नाहीत? कॉफीच्या प्रीमिक्समध्ये साखर आणि दूध पावडर असते. ती हवेतली ओल ओढून घेते. डब्यात गाठी होतात, पावडर ढकलणारा स्क्रू अडकतो, मोटर गरम होते आणि पेल्यात नुसतं गरम पाणी पडतं. पाण्यात क्षार असले तर हीटरवर थर चढतो. वीज गेली आणि जोरात आली तर कार्ड जळतं. खाऊच्या मशीनमध्ये पुडी स्प्रिंगच्या टोकाला लोंबकळत राहते. माणूस काचेवर थापा मारतो आणि ती पडत नाही. शिवाय पुडीवर छापलेल्या किमतीपेक्षा एक रुपया जास्त घेता येत नाही, कायदा आहे आणि तो योग्य आहे. म्हणजे जागेचं भाडं, वीज, पेट्रोल, कर्जाचा हप्ता, सगळं त्या छापील किमतीच्या आतल्या दोन-तीन रुपयांतून काढायचं.

या कशानंही माझी उमेद गेली नाही, हे आधी स्पष्ट करतो. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली. गडावर माणूस नाही, मशीनमध्ये माल तसाच. एक्स्पायरी जवळ आलेला सगळा माल मी गोणीत भरून गडाखालच्या वस्त्यांवर वाटला. हप्ते थकले. पण त्या दिवसांत मला झोप लागत होती. २०२१च्या जुलैत पाऊस असा झाला की गडावर येणारा मुख्य रस्ताच खचला, आणि गाड्या बंद झाल्या. तुम्ही सगळ्यांनी ते दिवस काढलेत. मी तेव्हा पाठीवर पोती घेऊन चढत होतो आणि वर आलो की शिट्टी मारत मशीन पुसत होतो. संकट समोर उभं होतं, त्याला तोंड होतं. त्याच्याशी भांडता येत होतं.

उमेद गेली ती २०२३च्या हिवाळ्यात. रस्ता सुरू होता, पर्यटक होते, नऊच्या नऊ मशीनं चालू होती, हप्ते वेळेवर जात होते. रोजच्यासारखा साडेपाच वाजता निघालो. लॉजच्या पायरीवर खोकी उतरवली. किल्ली हातात घेतली आणि बसलो. उजाडलं, धुकं विरलं, लॉजचा पोऱ्या झाडू मारून गेला. मी मशीन उघडलं नाही. दमलो नव्हतो, आजारी नव्हतो. ते दार उघडून ट्रे पुढे ओढायचा आणि काल रिकाम्या झालेल्या स्प्रिंगमध्ये त्याच पुड्या पुन्हा ढकलायच्या, याचं कारण मला सापडेना. असे दिवस मग वाढत गेले. तीन मशीनं अर्धी रिकामी राहिली. घरात विचारलं तर मी चिडायचो. आई म्हणायची, "दृष्ट लागलीया." मित्र म्हणायचे आळस आला. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली कामातून येणाऱ्या या अवस्थेची लक्षणं नोंदवली, त्यांत थकव्याबरोबर एक लक्षण असं आहे की माणसाचं मन आपल्याच कामापासून लांब जातं. ते वाचलं तेव्हा निदान हा आळस नव्हे एवढं कळलं. पण लांब का गेलं, ते माझं मलाच शोधायचं होतं.

पहिली गोष्ट सापडली ती फोनमध्ये. प्रत्येक मशीनवर स्टिकर असतो, 'तक्रारीसाठी संपर्क', आणि खाली माझा नंबर. पाच वर्षांत त्या नंबरवर आलेला प्रत्येक फोन अडकलेल्या पैशांचा, न पडलेल्या पुडीचा, गार कॉफीचा होता. साहजिकच आहे. कॉफी चांगली झाली म्हणून कोण फोन करतं? दिवसाला दोनशे माणसं माझ्या हातचं पिऊन जात होती, आणि मला भेटत होती फक्त ती दोन, ज्यांचं काहीतरी बिनसलं होतं. माणूस दोनशेतल्या एकशे अठ्ठ्याण्णवांना कधीच पाहत नसेल तर हळूहळू त्याला वाटू लागतं की आपण फक्त चुकाच करतो.

तीन दरवाजाकडे झुणका-भाकरी घेऊन बसणाऱ्या बायकांकडे बघा. त्यांचं काम माझ्याहून कितीतरी कष्टाचं, धुरात डोळे जातात. पण "या ताई, भाकरी तव्यावर हाय बघा," म्हणून हाक मारली की समोरचा बसतो, खर्डा तिखट लागला की पाणी मागतो, जाताना म्हणतो, "मावशी, पोट भरलं." कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर माणसं म्हशीच्या शेजारी उभी राहून समोर काढलेलं धारोष्ण दूध पितात. दूध घरीही मिळतं. ती तिथं जातात, कारण काढणारा आणि पिणारा समोरासमोर असतात. आपल्या भागातल्या माणसाला व्यवहारात हे लागतं. मला ते लागत होतं आणि मी असा धंदा निवडला होता की ज्याचं सगळं कौशल्यच मधला माणूस काढून टाकण्यात आहे.

हे नवं नाही, हेही नंतर कळलं. पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉन नावाच्या यंत्रकारानं देवळातल्या तीर्थाच्या पाण्याचं यंत्र लिहून ठेवलं आहे. वरून नाणं टाकलं की ते एका तरफेच्या टोकावर पडायचं, तरफ झुकून आतली झडप उघडायची, आणि नाणं घसरून खाली पडेपर्यंत पाणी यायचं. माझ्या मशीनचं तत्त्व तेच. तीर्थ देणारा हात दोन हजार वर्षांपूर्वीच बाजूला झाला होता.

पण लहानपणी मिरज जंक्शनवर एक वजनाचं यंत्र पाहिलेलं आठवतं. लाल-निळे दिवे फिरायचे, नाणं टाकलं की खडखडून पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर यायचं. एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्याची एक ओळ. वजनाला ओळीची काही गरज नव्हती. तरी ते यंत्र ज्यानं केलं त्याला माणूस कळला होता. नाणं टाकणाऱ्याशी कुणीतरी एक शब्द बोलावा, ही सोय त्यानं ठेवली होती.

दुसरी गोष्ट नाण्यांची. दहा रुपयांचं नाणं आपल्याकडे दुकानदार घेत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. रिझर्व्ह बँकेनं जानेवारी २०१८ मध्ये सांगितलं की चौदाही प्रकारची दहाची नाणी चलनात आहेत, तरी लोकांच्या मनातून शंका गेली नाही. म्हणून जी नाणी कुठंच खपत नसत ती माझ्या मशीनमध्ये येत, आणि मशीनच्या आतला नाणं तपासणारा भाग काही घेई, काही परत टाकी. मी वैतागायचो. मग क्यूआर कोड बसवला, वैताग संपला. आणि डबा उघडताना जी नाणी हातावर सांडायची, काही गुलालात बरबटलेली, जोतिबाहून थेट आलेला माणूस त्यावरून ओळखू यायचा, तीही संपली. आता रात्री फोनवर एक आकडा येतो. हिशेब अचूक झाला. पण गिऱ्हाइकाचा माझ्या हाताला लागणारा शेवटचा धागा त्या नाण्यांचा होता, हे तो तुटल्यावर समजलं. क्यूआर कोड काढून टाकावा असं मी म्हणत नाही, तो राहणारच. काय गेलं याची नोंद मात्र मला करायची होती.

तिसरी गोष्ट वडिलांची झोप. गुऱ्हाळाला हंगाम होता. ऊस संपला की कुणी विचारत नसे, का बंद केलंस. मशीनला हंगाम नाही. चोवीस तास उजेड, रविवार नाही, अमावास्या नाही. काम संपल्याचा दिवसच ज्या धंद्यात येत नाही, त्यात काम झाल्याचं समाधान कुठून येणार?

या दिवसांत मी संध्याकाळी अंबरखान्याकडे फिरायला जायचो. गंगा, यमुना, सरस्वती या कोठ्या आपण पाहुण्यांना दाखवतो, किती खंडी धान्य मावायचं ते सांगतो. १६६०च्या मार्चपासून जुलैपर्यंत शिवाजी महाराज इथं सिद्दी जौहरच्या वेढ्यात होते. महाराज वेढ्यातून निसटले त्या रात्रीचे बाजीप्रभू आणि शिवा काशीद यांचे पुतळे गडावर आहेत, ते असायलाच हवेत. पण चार महिने गडावर शिधा रोज मोजून दिला गेला असणार. किल्ल्याच्या कारभारात साठ्याचा हिशेब ठेवायला कारखानीस असायचा. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. मला त्याच्याविषयी एकच विचारावंसं वाटायचं, शिधा घ्यायला येणारी माणसं त्याला दिसत होती ना? दिसत असणार. त्या बाबतीत तो माझ्यापेक्षा सुखी होता.

आणि रामचंद्रपंत अमात्य. त्यांची समाधी आपल्या गडावर आहे. त्यांच्या आज्ञापत्रात दुर्गांच्या प्रकरणात पाण्याबद्दल सांगितलेलं मला एका शिक्षकांनी वाचून दाखवलं. गडावर झरा आहे म्हणून निश्चिंत राहू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजानं झरे कमी होतात. म्हणून वेगळं साठ्याचं पाणी राखावं. मी ते चार वेळा वाचायला लावलं. माझा झरा तोफांनी आटला नव्हता. टाळेबंदीत आणि रस्ता खचला तेव्हा तो भरून वाहत होता. तो शांततेत आटला. पण साठ्याचं पाणी वेगळं राखावं, ते माझ्याकडे नव्हतं, हे मात्र खरं.

मग काय केलं ते सांगतो. फार मोठं काही नाही. नऊमधली चार मशीनं विकली. एमआयडीसीतली सगळी त्यात गेली, कारण तिथं मला कुणीच भेटणार नव्हतं. मिळकत कमी झाली, कर्ज दोन वर्षं लांबलं. घरात त्यावरून बोलाचाली झाली आणि घरच्यांचं म्हणणं चूक नव्हतं. चैत्र पौर्णिमेची जोतिबाची यात्रा झाली की आठ दिवस सगळी मशीनं बंद ठेवतो आणि काचेवर कागद लावतो, 'हंगाम संपला.' लोक वाचून विचारात पडतात.

आणि भरण्याची वेळ बदलली. आधी मी पहाटे भरायचो, गिऱ्हाइकाला अडथळा नको म्हणून. धंद्याच्या दृष्टीनं ते बरोबरच होतं. आता अकरा वाजता भरतो, ऐन गर्दीत. दार उघडलं की पहिल्यांदा पोरं गोळा होतात. स्प्रिंग कशी फिरते, पैसे कुठं जातात, पुडी पडलीच नाही तर काय, आत माणूस बसतो का? एकदा साताऱ्याकडच्या एक आजी बराच वेळ पाहत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हंजे हे तू भरतोस व्हय रं? मला वाटलं आपोआप येतंय." मी त्यांना स्वतःच्या हातानं कॉफी काढून दिली. त्यांनी पिऊन सांगितलं, साखर जास्त आहे. तेव्हापासून त्या मशीनमध्ये मी कमी साखरेचं प्रीमिक्स ठेवतो. पाच वर्षं साखर जास्त होती आणि मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण साखर जास्त झाली म्हणून तक्रारीच्या नंबरवर कोण फोन करणार?

अजून वाईट सकाळ येते. महिन्यातून एखादी तरी. किल्ली हातात घेऊन मी आजही कधी कधी पायरीवर बसतो. फरक एवढाच की आता ती पायरी अकरा वाजताची असते आणि शेजारी कुणीतरी बसलेलं असतं.

२०२५च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा मानलं, त्यात आपला पन्हाळा आहे. माणसं आणखी येतील, मशीनंही येतील, माझ्याहून मोठ्या लोकांची, काचेवर चित्रं हलणारी. गावातली जी तरुण मुलं त्यात उतरायचं म्हणतात त्यांच्यापैकी दोघं समोर बसली आहेत. त्यांना मशीनची किंमत, हप्ता, मार्जिन सगळं कागदावर लिहून द्यायला मी तयार आहे. आत काय असतं ते मात्र कागदावर कळत नाही. पावसाळा तोंडावर आहे, प्रीमिक्सच्या डब्यांची रबरं मला बदलायची आहेत, हाताखाली माणूस लागेल. उद्या सकाळी अकरा वाजता एसटी स्टँडजवळचं मशीन उघडतो आहे. ज्यांना यायचं त्यांनी या.