दलाली कोण देतो, दलाल कोणाचा?

(जागतिक ग्राहक हक्क दिनानिमित्त ग्राहक मेळाव्यात केलेले भाषण)



"घर पाहावे बांधून" अशी आपल्याकडे म्हण आहे. शहरांतून घर बांधण्याचे दिवस आता बहुतांशी सरले आणि घर विकत घेण्याचे दिवस आले. त्याबरोबर घेणारा व विकणारा यांच्यामध्ये दलालही आला. दलाली किती द्यावी, यावर घरोघरी घासाघीस होते. परंतु ती कोणाच्या खिशातून जाते, केव्हा ठरते आणि त्यामुळे दलाल कोणाच्या बाजूने उभा राहतो, याचा विचार क्वचितच होतो. आज आपण या प्रश्नाचा विचार करणार आहोत. त्याला निमित्त आहे अमेरिकेतील घरखरेदीच्या व्यवहारात २०२४ साली झालेल्या एका मोठ्या बदलाचे. योगायोग असा, की ज्या १५ मार्चला आपण ग्राहक हक्क दिन पाळतो, त्याच तारखेला तेथील तडजोड जाहीर झाली.

हा प्रश्न आपल्याला अगदीच परका नाही. फळे व भाजीपाला यांवरील अडत पूर्वी शेतकऱ्याच्या पट्टीतून कापली जात असे. ती शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी, असे २०१६ साली राज्य शासनाने ठरविले, तेव्हा बाजार समित्यांतील व्यापाऱ्यांनी व्यवहार बंद ठेवून विरोध केला. अडत राहणारच होती. ती कोणी द्यायची, एवढाच वाद होता. तथापि तेवढ्या एका गोष्टीवर कितीजणांचे हितसंबंध अवलंबून असतात, हे त्या वेळी सर्वांनी पाहिले.

जुनी पद्धत

अमेरिकेत घर विकणारा एक दलाल नेमतो आणि घर घेणाऱ्याबरोबर बहुधा दुसरा दलाल असतो. विक्रीस आलेल्या घरांची एक सामाईक यादी दलालांच्या स्थानिक संस्था चालवितात. तिला 'मल्टिपल लिस्टिंग सर्व्हिस' म्हणतात. गेली अनेक दशके प्रघात असा होता, की विक्रेत्याने एकूण किमतीच्या पाच ते सहा टक्के दलाली द्यावी आणि त्याच्या दलालाने त्यातील सुमारे अर्धा वाटा खरेदीदाराच्या दलालास द्यावा. हा वाटा किती, हे सामाईक यादीत आधीच नमूद करावे लागे. 'नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स' ही तेथील दलालांची देशव्यापी संघटना होय. यादीत घर नोंदवायचे तर खरेदीदाराच्या दलालास काही वाटा देऊ केलाच पाहिजे, असा नियम या संघटनेने १९९० नंतरच्या दशकात केला होता.

त्याआधीची स्थिती तर याहून विचित्र होती. खरेदीदाराला घरे दाखवीत हिंडणारा दलालसुद्धा कायद्याने बहुधा विक्रेत्याचाच उपदलाल असे. फेडरल ट्रेड कमिशन या शासकीय यंत्रणेने १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात असे आढळले, की बहुसंख्य खरेदीदार मात्र त्या दलालाला आपलाच माणूस समजत होते. आपण जास्तीत जास्त किती रक्कम देऊ शकतो, हे गुपित ते विश्वासाने त्याच्यापाशी उघड करीत. ते गुपित विक्रेत्याला कळविणे हे त्या दलालाचे कर्तव्य ठरत असे! पुढे खरेदीदाराचा स्वतंत्र दलाल ही कल्पना रूढ झाली. पण त्याचे पैसे विक्रेत्याच्या बाजूनेच येत राहिले.

यात बिघडले कोठे, ते एका साध्या हिशेबाने लक्षात येईल. चार लाख डॉलरच्या घरावर सहा टक्क्यांनी चोवीस हजार डॉलर दलाली होते; दोन्ही दलालांना बारा-बारा हजार. आता खरेदीदाराच्या दलालाने खटपट करून किंमत दहा हजारांनी उतरविली, तर खरेदीदाराचे दहा हजार वाचतात आणि दलालाचे तीनशे डॉलर बुडतात. म्हणजे चोख काम केल्याबद्दल दलालाला दंड! शिवाय ज्या घरावर वाटा कमी, ते घर ग्राहकाला दाखविण्याची टाळाटाळ होण्याचा संभव असे. यादीतील तो वाटा ग्राहकाला अनेक वर्षे दिसतही नव्हता. "माझी सेवा तुम्हाला मोफत आहे," असे दलाल सांगे आणि खरेदीदार समाधान पावे. प्रत्यक्षात विक्रेता ती दलाली घराच्या किमतीत धरूनच भाव सांगत असे.

न्यायालयाचा दरवाजा

दलालांच्या मंडळांनी दर बांधून देणे तेथे फार पूर्वीच निषिद्ध ठरले आहे. १९५० साली वॉशिंग्टन शहरातील मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, अशी दरनिश्चिती मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करते, असा निर्णय दिला होता. कागदावर दर मोकळे झाले. व्यवहारात मात्र ते फारसे हलले नाहीत. अखेर २०१९ साली मिसुरी राज्यातील काही घरविक्रेत्यांनी दावा लावला. समोरच्या पक्षाच्या दलालाचे पैसे आम्ही का द्यावेत, हा त्यांचा सरळ प्रश्न होता. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी कॅन्सस सिटी येथील ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल देऊन सुमारे १७८ कोटी डॉलर नुकसानभरपाई ठरविली. मक्तेदारीविरोधी कायद्याप्रमाणे अशी रक्कम तिप्पट होऊ शकते. त्यानंतर साडेचार महिन्यांनी संघटनेने, आपली चूक मान्य न करता, ४१ कोटी ८० लाख डॉलर देण्याची व नियम बदलण्याची तयारी दर्शविली. नवे नियम १७ ऑगस्ट २०२४ पासून अमलात आले आणि २६ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाने तडजोडीस अंतिम मान्यता दिली.

नवे नियम कोणते?

पहिला नियम असा, की सामाईक यादीत खरेदीदाराच्या दलालाचा वाटा यापुढे नमूद करता येत नाही. विक्रेत्याला तो द्यावयाचा असल्यास तो यादीबाहेर बोलणी करून देऊ शकतो. पण त्यासाठी त्याची लेखी संमती लागते.

दुसरा नियम अधिक महत्त्वाचा आहे. सामाईक यादीतील दलालाने खरेदीदाराला घर दाखविण्यापूर्वीच त्याच्याशी लेखी करार केला पाहिजे. त्यात मोबदल्याची रक्कम किंवा दर स्पष्ट असावा लागतो. "विक्रेता देईल ते" अशी मोघम भाषा चालत नाही. ठरलेल्या रकमेपेक्षा अधिक पैसे दलालाला कोणाकडूनही घेता येत नाहीत. तसेच दलालीचा दर कायद्याने ठरलेला नसून तो बोलणीने ठरतो, हे वाक्य करारात ठळकपणे लिहावे लागते.

याचे फळ काय मिळाले? दर झपाट्याने कोसळतील, असे भाकीत काहींनी केले होते. पहिल्या वर्षात तसे घडले नाही. विक्रेते अनेक ठिकाणी पूर्वीप्रमाणेच खरेदीदाराच्या दलालाचा मोबदला देत राहिले. दुसरी अडचण अशी, की प्रथमच घर घेणाऱ्या कुटुंबापाशी सुरुवातीच्या भरण्यापुरतीच शिल्लक असते आणि दलालीची रक्कम सामान्यतः गृहकर्जात मिळविता येत नाही. माजी सैनिकांच्या कर्जयोजनेत तर खरेदीदाराने स्वतःच्या दलालास पैसे देण्यास मनाई होती. ती ऑगस्ट २०२४ मध्ये तात्पुरती उठवावी लागली. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनीही हे ध्यानात ठेवावयास हवे. दलालाबरोबर घर नुसते पाहावयास जातानाही तेथे आता करारावर सही करावी लागते. सही करण्यापूर्वी दर, मुदत आणि करार मोडण्याची अट वाचून घ्यावी.

दर तेवढे उतरले नसले, तरी हा बदल व्यर्थ गेला असे म्हणता येणार नाही. पूर्वी दलालीचा विषय खरेदीदारासमोर निघतच नव्हता. आता तो पहिल्याच भेटीत निघतो. ज्याचा दर माहीत नाही त्याची घासाघीस करता येत नाही. ज्याचा माहीत आहे त्याची करता येते.

आपल्याकडील स्थिती

आपल्याकडे पद्धत वेगळी आहे. जुन्या घराच्या फेरविक्रीत घेणारा व विकणारा या दोघांकडूनही दलाली घेण्याचा प्रघात असून ती पुष्कळदा एकच दलाल घेतो. नव्या इमारतीत विकासक दलाली देतो आणि ग्राहकाला सांगितले जाते, "तुम्हाला काही पडत नाही." अमेरिकेतील खरेदीदाराला जे सांगितले जात होते, ते हेच वाक्य होय.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ हा कायदा १ मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला. सर्वजण त्याला 'रेरा' म्हणून ओळखतात. त्याच्या कलम ९ प्रमाणे नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका विकून देणाऱ्या दलालाने स्वतःची नोंदणी केलीच पाहिजे आणि प्रत्येक विक्रीत आपला नोंदणी क्रमांक नमूद केला पाहिजे. कलम १० प्रमाणे त्याने हिशेबाची पुस्तके ठेवावीत, खोटी माहिती देऊ नये आणि ग्राहकाला हक्काची सर्व कागदपत्रे मिळवून द्यावीत. नोंदणी न केल्यास दररोज १० हजार रुपये, सदनिकेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. महारेराने त्यापुढे जाऊन दलालांसाठी प्रशिक्षण व परीक्षा सुरू केली आणि १ जानेवारी २०२४ पासून सक्षमता प्रमाणपत्र आवश्यक केले.

मात्र दलालीचा दर हा कायदा ठरवीत नाही. जुन्या घराची फेरविक्री आणि भाड्याची घरे यांतील दलालही सामान्यतः त्याच्या कक्षेत येत नाहीत. तेथे आधार आहे तो १८७२ सालच्या भारतीय करार कायद्याचा. हा कायदा जुना असला तरी या बाबतीत सुस्पष्ट आहे. वेगळा करार नसेल तर नेमून दिलेले काम पूर्ण होईपर्यंत अभिकर्त्याला मोबदला मागता येत नाही, असे कलम २१९ सांगते. कामात गैरवर्तन करणाऱ्याला त्या कामाच्या मोबदल्याचा हक्क उरत नाही, असे कलम २२० सांगते. आणि मागितल्यावर हिशेब देणे हे अभिकर्त्याचे कर्तव्य आहे, असे कलम २१३ सांगते. परंतु तो आपला अभिकर्ता होता, हे सिद्ध करावयाचे तर हाती कागद हवा. तोंडी व्यवहारात नेमका तोच नसतो.

ग्राहकाने काय करावे?

यास्तव माझे सांगणे थोडक्यात असे. घर पाहण्यापूर्वी दलालाला तीन प्रश्न विचारावेत. तुमची दलाली किती? ती केव्हा द्यावयाची? आणि या व्यवहारात आणखी कोणाकडून तुम्हाला पैसे मिळणार आहेत? उत्तरे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. नव्या प्रकल्पातील दलालाचा नोंदणी क्रमांक महारेराच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावा. दलाली शक्यतो धनादेशाने किंवा बँकेमार्फत द्यावी व पावती घ्यावी. विकासक दलाली देत असेल, तर त्या दलालाचा सल्ला विकासकाचा समजूनच ऐकावा आणि कागदपत्रे स्वतःच्या वकिलाकडून तपासून घ्यावीत.

यात दलालांचा अवमान नाही. सचोटीने काम करणारा दलाल पायपीट करतो, कागद जमवितो, दोन अनोळखी माणसांत विश्वास निर्माण करतो. त्याचा मोबदला त्याला मिळालाच पाहिजे, आणि लेखी कराराने त्याचीही फसवणूक टळते. काम झाल्यावर दलाली बुडविणारे ग्राहकही समाजात आहेत.

अमेरिकेत हा एवढा कागद रूढ होण्यासाठी मोठा खटला आणि कोट्यवधी डॉलर खर्ची पडले. आपल्याला तो कागद आजच, कोणत्याही नव्या कायद्याची वाट न पाहता, करता येण्यासारखा आहे. आयुष्यभराची पुंजी घालून घर घेणाऱ्याने निदान एवढे करावे, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.