ॲप नको, संध्याकाळचा एक तास हवा

आजचा भाग जमलं तर हेडफोनवर नको, घरात स्पीकरवर ऐका. विषय आहे वयात येणाऱ्या मुली, त्यांची पाळी, आणि "मला एवढ्यात लग्न नाही करायचं" हे घरात बोलायची हिंमत.

मी रोह्याची, नोकरी कोडिंगची. त्यामुळे हा विषय निघाला की मित्रमंडळी लगेच म्हणतात, "ॲप बनव ना!" अरे, पण फोन कुणाचा? पेण-रोह्याच्या वाड्यांवर बऱ्याच घरांत एकच फोन, तोही बाबांच्या नाहीतर दादाच्या खिशात. पाळीबद्दल काय शोधलं ते हिस्टरीत दिसणार. कोण शोधेल?

याचं चांगलं उत्तर मराठवाड्यात मिळालंय, पंचवीस वर्षांपूर्वीच. पैठण तालुक्यातलं पाचोड. तिथल्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंट या संस्थेनं लग्न न झालेल्या 12 ते 18 वयाच्या मुलींसाठी वर्ग घेतले. रोज संध्याकाळी एक तास, वर्षभर. शिकवणाऱ्या गावातल्याच बायका. आरोग्य, आहार तर होताच, पण गावचा कारभार कसा चालतो हेही. आईवडलांनाही सोबत घेतलं. 1997 ते 2001 मध्ये त्या भागात लग्नाचं मध्यक वय 16 वरून 17 झालं. एकच वर्ष? हो, आणि कायद्याचं 18 तरीही लांबच. पण सोळाव्या वर्षी पोटुशी राहण्यापेक्षा ते एक वर्ष फार मोठं आहे.

आता आपल्याकडची अडचण. दिवाळी झाली की कितीतरी कातकरी कुटुंबं वीटभट्टीवर, कोळसाभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. मुलगी सोबत जाते. शाळा सुटते, आणि शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळीसुद्धा. (ती गोळी जेवून घ्यायची, वर लगेच चहा नको. शौचाला काळं झालं तर घाबरू नका, लोहामुळे होतं.)

म्हणजे पाचोडचा वर्षभराचा वर्ग इथे जसाच्या तसा चालणार नाही. माझ्या मते जून ते दिवाळी एवढ्यातच तो बसवावा, लावणीचे दिवस सोडून. आणि उरलेला भट्टीवर न्यावा.

कुठे बालविवाह ठरतोय असं कळलं तर 1098 फिरवा, पैसे लागत नाहीत.

ऐकणाऱ्यांत कुणी आशाताई किंवा शिक्षिका असाल, तर व्हॉइस नोट पाठवा: भट्टीवर मुलींचा वर्ग घेऊन पाहिलाय का? मालकानं बसायला जागा दिली का?