भाग १७ : काचेच्या वाट्या कोण भरतं?

(ज्यांना ऐकायला जमलं नाही त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, फक्त 'अं... अं...' काढून टाकलेत.)

पिंप्राळ्याहून बोलतोय. मागे रेल्वेचा आवाज आला तर समजून घ्या, आमच्याकडे रेकॉर्डिंग गाड्यांचं टाइमटेबल बघून करावं लागतं.

आजचा विषय माझ्या आवडीचा आहे. टीव्हीवरचे शेफ. मी त्यांचा फॅन आहे, म्हणजे अगदी कट्टर. क्रिकेटच्या फॅनला जसे स्कोअर पाठ असतात, तसं मला कोणत्या कार्यक्रमात कोण, कधी, काय, हे पाठ आहे. आज थोडं कौतुक करणार आहे आणि एक तक्रारही करणार आहे. तक्रार आपल्या माणसाचीच करतात, परक्याची कोण करतं?

सुरुवात घरातून. आमच्याकडे आईची एक वही आहे. जुन्या वर्षाची डायरी, कव्हर गेलेलं, मधल्या पानांवर तेलाचे डाग. संजीव कपूरांचा 'खाना खजाना' लागला की आई पेन घेऊन बसायची. हा कार्यक्रम झी टीव्हीवर १९९३ मध्ये सुरू झाला आणि दीड दशकाहून जास्त चालला. माझा जन्मसुद्धा त्यानंतरचा. मी बघायला लागलो तेव्हा आमच्याकडे लोडशेडिंगचा जोर होता. त्यामुळे आईच्या वहीत काही रेसिपी अर्ध्याच आहेत. 'कांदा गुलाबी झाल्यावर' एवढं लिहिलंय आणि पुढे काहीच नाही. लाइट गेली. त्या कांद्याचं पुढे काय झालं, आजतागायत कुणाला माहीत नाही.

आता संजीव कपूरांनी काय केलं बघा. मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलातला एक्झिक्युटिव्ह शेफ, पण टीव्हीवर आला तो शेजारचा दादा असल्यासारखा. हसतमुख, घाई नाही, रागावणं नाही. 'दोन चमचे', 'अर्धा कप', 'मध्यम आच'. आपल्या आज्यांकडे 'अंदाजाने घाल' आणि 'बघून घाल' एवढी दोनच मापं होती. मराठीत कमलाबाई ओगल्यांच्या 'रुचिरा'ने १९७० मध्येच वाटी-चमच्याचं माप घराघरात नेलं होतं, पण पुस्तकात कांदा गुलाबी झालेला दिसत नाही ना! टीव्हीवर तो दिसला. आणि पुरुष माणूस अ‍ॅप्रन घालून स्वयंपाकाबद्दल अर्धा तास बोलतो, हे माझ्यासारख्या पोराने पाहिलं. मी आज भाकरी थापतो त्यातला थोडा वाटा त्या माणसाचा आहे. २०१७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या घरी असं वातावरण होतं, जसं काही आमच्याच गल्लीत मिळाली.

मग आपले मराठी कार्यक्रम. ईटीव्ही मराठीवर 'मेजवानी', त्यात विष्णू मनोहर. नागपूरचा माणूस, बोलण्यात वऱ्हाडी गोडवा. आणि झी मराठीवर दुपारी 'आम्ही सारे खवय्ये', त्यात प्रशांत दामले. यातली गंमत कधी लक्षात आली का? दामले नट आहेत, ते फक्त बोलणार, हसवणार आणि शेवटी चव घेणार. स्वयंपाक करणारी बाई मात्र तुमच्या-आमच्यासारख्या घरातली. ती आपलं नाव सांगणार, गाव सांगणार आणि घरची रेसिपी दाखवणार. कुणी जळगावची, भुसावळची, धुळ्याची निघाली की आमच्याकडे टीव्हीचा आवाज वाढायचा.

इथपर्यंत कौतुक. आता तक्रार.

त्या काचेच्या वाट्या आठवतात? कोणताही कुकिंग शो लावा. ओट्यावर ओळीने काचेच्या छोट्या वाट्या. एकीत बारीक चिरलेला कांदा, एकीत सोललेला लसूण, एकीत भाजून कूट केलेले शेंगदाणे. शेफ वाटी उचलतो, कढईत टाकतो, पुढची वाटी. वीस मिनिटांत भाजी तयार. लहानपणी मी आईला विचारलं होतं, 'आई, ह्या वाट्या कोण भरतं?' आई म्हणाली, 'असतील कोणी मागे.'

तेच 'कोणी मागे' आजचा आपला विषय आहे.

मी पुण्यात नोकरीला लागलो. रूमवर आम्ही चौघं. थंडीचे दिवस, मला भरिताची आठवण आली. म्हटलं, मी एवढे शो बघितलेत, आपण करू. मंडईतून जांभळी वांगी आणली, कारण आपली हिरवी-पांढरट मोठी भरिताची वांगी तिथे मिळाली नाहीत. (जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालंय, ते उगाच नाही.) टीव्हीत दाखवतात तसं गॅसवर भाजलं, सोललं, ठेचलं. मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर. टोमॅटो घातला नाही, तेवढा मी खान्देशी आहे. वाट्याही मांडल्या, स्टीलच्या का होईना. फोन उभा करून व्हिडिओ काढला. दोस्त म्हणाले, मस्त झालंय. पण मला काही ते लागेना.

आईला फोन केला. म्हटलं, काय चुकलं असेल? तेल कमी? काड्यांवर भाजलं नाही म्हणून? आईने भलताच प्रश्न विचारला.

'किती जण होते रे?'

'चार.'

'भाजलं कोणी? सोललं कोणी?'

'सगळं मीच. ते मोबाइल बघत होते.'

'मग ती भाजी झाली बाबा. भरीत नाही झालं.'

मी तेव्हा हसलो. पण जरा विचार करा. आपल्याकडे हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी होते, तेव्हा भरीत कोण करतं? एक नाव सांगताच येत नाही. एक जण कपाशीच्या वाळलेल्या काड्या पेटवतो, दोघं वांगी उलटीपालटी करतात, चार जणं हात भाजत साल काढतात, कोणी बडगीत मुसळीने घोटतं, कोणी मिरच्या तळतं, तिकडे कळण्याच्या भाकरी चाललेल्या असतात. आणि एक जण काहीच करत नाही, नुसता सूचना देतो. तो प्रत्येक पार्टीत असतो, तुमच्याही ग्रुपमध्ये असेल. त्याला हा भाग पाठवा.

म्हणजे आपल्याकडचं खाणं हे मुळातच एकट्याचं नाही, आणि टीव्हीचा शेफ मात्र एकटा असतो. चेहरा एक, नाव एक. बाकी हात कॅमेऱ्याच्या मागे.

म्हणूनच मला डिसेंबर २०१८ ची गोष्ट फार आवडते. विष्णू मनोहर जळगावात आले आणि सागर पार्क मैदानावर एकाच कढईत अडीच हजार किलो भरीत करण्याचा विक्रम झाला. त्याआधी काही महिने, ऑक्टोबरमध्ये, त्यांनी नागपुरात तीन हजार किलो खिचडी केली होती. तेव्हा आमच्या ग्रुपवर पोरं चिडली होती, 'नागपूरचा माणूस आम्हाला भरीत शिकवणार का?' मीही त्यातलाच एक होतो. आज मला वाटतं आम्ही चुकलो. अडीच हजार किलो भरीत म्हणजे किती वांगी भाजायची, किती सोलायची, किती मिरची निवडायची, हिशोब करा. तिथे काचेच्या वाट्या चालतच नाहीत. नाव शेफचं लागलं, पण तो स्वयंपाक गावजेवणाचा होता. टीव्हीतला माणूस टीव्हीच्या बाहेर आला आणि नकळत आपल्या पद्धतीने शिजवून गेला.

आता मुख्य गोष्ट सांगतो. हिच्यासाठीच हा भाग केलाय.

आखाजीला आमच्याकडे खापरावरची पुरणपोळी व्हायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, चुलीवर मातीचं खापर उलटं ठेवतात. सैलसर कणकेत पुरण भरून पोळी हातावर फिरवत फिरवत मोठी करतात, पार कोपरापर्यंत, आणि तापलेल्या खापरावर अलगद टाकतात. सोबत आमरस आणि रशी. पोळी टाकायची आजी. पण पुरण वाटायची काकू, कणीक तिंबायची आई, जाळ सांभाळायची माहेरी आलेली आत्या, आणि काड्या आणून द्यायचं काम माझं. आजी २०१९ मध्ये गेली. तेव्हापासून खापर माळ्यावर आहे.

आपण पॉडकास्टवाले, रीलवाले नेहमी काय म्हणतो? 'आजीची रेसिपी लिहून ठेवा, नाहीतर हरवेल.' मीही म्हणायचो. पण आमच्याकडे रेसिपी हरवलेलीच नाही. आईला सगळं येतं. यूट्यूबवर खापराच्या पोळीचे हवे तेवढे व्हिडिओ आहेत. मागच्या आखाजीला मी आईला म्हटलं, काढू का खापर? मी आहे ना मदतीला. आई म्हणाली, 'करता येईल रे. पण कोण कोण आहे?'

काकू सुरतला. आत्याचे गुडघे गेलेत. आजी नाही. माप होतं, कृती होती, व्हिडिओ होता. माणसं नव्हती.

शेवटी आम्ही जळगावातच ऑर्डरप्रमाणे पोळ्या करून देणाऱ्या बायकांकडे गेलो. चार-पाच जणी, दोन चुली. मी लगेच फोन काढला, सवयच आहे. जी पोळी हातावर फिरवत होती तिच्यावर कॅमेरा लावला, कारण दिसायला तेच भारी दिसतं. बाजूला एक मावशी परातीपाशी बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, 'तिचंच काय काढी ऱ्हायना रे भो? कणीक मी तिंबली. कणीक बिघडली तर ती काय फिरवणार?'

खरं सांगतो, मला एकदम त्या काचेच्या वाट्या आठवल्या. इतकी वर्षं शो बघून बघून माझाही कॅमेरा एकाच हातावर जायला शिकला होता. मी फोन त्यांच्याकडे वळवला. मग पुरण वाटणारीकडे, मग जाळ घालणारीकडे. आणि तिकडे बघतो तर जाळापाशी आमची आईच बसलेली. कधी जाऊन बसली कळलंच नाही. पैसे देऊन पोळ्या घ्यायला आलेली बाई काड्या सारत होती, आणि त्या मावशींशी कुणाच्या तरी लग्नाच्या गप्पा चालल्या होत्या. त्या दिवशी पोळी मात्र लागली, जशी लागायला पाहिजे तशी.

तर माझं म्हणणं एवढंच. शेफ लोकांचं कौतुक करा, मी करतच राहणार. २०२१ मध्ये मास्टरशेफ ऑस्ट्रेलियाच्या फायनलला किश्वर चौधरी यांनी पांताभात ठेवला, म्हणजे रात्रभर पाण्यात भिजवलेला भात, गरिबाघरचा. तो बघून मी घरात ओरडलो होतो. उद्या कोणी तिथे कळण्याची भाकरी आणि ठेचा ठेवला तर मी पेढे वाटीन. पण टीव्हीवाल्यांचं अर्ध्या तासाचं गणित आपल्या स्वयंपाकघरात आणू नका. घरी कोणी काही करत असेल तर 'रेसिपी सांग, मी व्हिडिओ काढतो' असं म्हणण्याआधी लसणाची वाटी ओढून घ्या आणि सोलायला बसा. रेसिपी आपोआप कळते.

पुढच्या आखाजीचं मी ठरवलंय. काकूला सुरतहून आणायचं, तिकीट मी काढणार. आत्याला खुर्ची देणार, ती खुर्चीवरून सूचना देईल, तिचं ते आवडतं काम. पोळी हातावर फिरवायची मी शिकतोय, सध्या ओल्या रुमालावर प्रॅक्टिस चालू आहे. हसू नका.

तुमच्या घरचा असा एखादा पदार्थ असेल, जो येतो सगळ्यांना पण माणसं नाहीत म्हणून बंद पडलाय, तर त्याबद्दल व्हॉइस मेसेज पाठवा. एक मिनिटाच्या आत, कारण आमच्याकडे मधेच गाडी येते. पुढच्या भागात तुमचे आवाज ऐकू.

चला, जेवायचं बघतो. आज मेथी निवडायची पाळी माझी आहे. राम राम.