सोनोग्राफीचा कोर्स घेण्याआधी कस लावा

चेन्नईहून बोलतेय. आमचं मूळ गाव विट्याजवळ. वडील गलाई कामासाठी इकडे आले, सावकारपेठेत त्यांची सोनं गाळायची भट्टी होती. त्यामुळे मी घरात मराठी, रस्त्यावर तमिळ आणि दवाखान्यात दोन्ही बोलत वाढले. आज मी इथल्या एका रुग्णालयात सीटी स्कॅन विभागात तंत्रज्ञ आहे. पण मला व्हायचं होतं सोनोग्राफर, आणि आज त्याबद्दलच सांगणार आहे. कारण बारावीनंतर ‘सहा महिन्यांत सोनोग्राफी शिका’ अशी जाहिरात बघून फोन करणाऱ्या मुलामुलींची संख्या कमी झालेली नाही.

मीही अशीच जाहिरात बघितली होती. वडिलांनी भिशी उचलून फी भरली. सहा महिने शिकले. ध्वनिलहरी शरीराच्या मऊ भागातून सेकंदाला सुमारे १५४० मीटर वेगाने जातात, प्रोब आणि त्वचा यांच्यात हवा राहिली तर चित्रच दिसत नाही, म्हणून जेल लावायचं. खोलवरचं बघायचं तर कमी फ्रिक्वेन्सीचा प्रोब, थायरॉईडसारखं वरचं बघायचं तर जास्तीचा. हे सगळं खरं होतं आणि मला मनापासून आवडलं होतं. प्रमाणपत्र घेऊन मी एका स्कॅन सेंटरमध्ये गेले. तिथल्या डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या, “नावनोंदणीला ये, फॉर्म भर. प्रोब मात्र तुला हातात देता येणार नाही. कायदा आहे.”

वर्गात हे एकदाही कोणी सांगितलं नव्हतं.

गोंधळ कुठे होतो बघा. इंटरनेटवरचे बरेचसे व्हिडिओ अमेरिकेतले असतात. तिथे सोनोग्राफर हा डॉक्टर नसतो, पण त्याचं वेगळं शिक्षण झालेलं असतं. तो प्रोब फिरवतो, मापं घेतो आणि डॉक्टर अहवाल देतात. आपल्याकडे गरोदर बाईच्या पोटावर प्रोब ठेवायचा अधिकार कायद्याने पात्र डॉक्टरलाच आहे. नियमांमध्ये सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे, पण ते एमबीबीएस झालेल्यांसाठी. जाहिरातवाले त्यातले ‘सहा महिने’ तेवढे उचलतात. २०२१ च्या केंद्रीय कायद्यात आरोग्य क्षेत्रातल्या व्यवसायांची यादी आहे, तिच्यात सोनोग्राफर हे नाव आलंय, ही चांगली गोष्ट. पण त्याने गर्भलिंगनिदानाचा कायदा बाजूला होत नाही.

हा कायदा मला आधी अन्याय वाटायचा. मग एक दिवस मी टेबलावर फॉर्म ‘एफ’ भरत बसले होते. प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीच्या वेळी तो भरावाच लागतो. मला फोनवर मराठीत बोलताना ऐकून एक आजी जवळ आल्या. सुनेला घेऊन आल्या होत्या. हळूच म्हणाल्या, “तू आपल्याकडचीच ना गं बाळ? आत जाऊन बघून ये. बोलू नकोस, नुसती मान हलव.” मी म्हटलं, “आजी, मान हलवली तरी तो गुन्हा आहे.” आणि खरंच आहे. शब्दाने, खुणेने, कशानेही सांगायला बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आजी रागावल्या. सून मात्र खाली बघत बसली होती. तिचा चेहरा मी विसरले नाही.

असा कायदा देशात सगळ्यात आधी १९८८ मध्ये आपल्या महाराष्ट्राने केला. केंद्राचा १९९४ मध्ये आला. तरीही सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली २००१ मध्ये महाराष्ट्रात ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. तमिळनाडूनेही हे दुःख बघितलंय. इथे १९९२ मध्ये सेलममध्ये सरकारला पाळणा योजना सुरू करावी लागली, नको असलेली मुलगी निदान पाळण्यात तरी ठेवा म्हणून. तेव्हा प्रोब कोणाच्या हातात द्यायचा याबद्दल कायदा इतका कडक का, ते मला त्या टेबलावर कळलं.

मग करायचं काय? घरी येऊन रडले तेव्हा वडील एवढंच म्हणाले, “सोनं आपण कसाला लावल्याशिवाय घेत नाही. कोर्स मात्र जाहिरात बघून घेतला.” दुसऱ्या वेळी आम्ही कस लावला. रेडिओग्राफी आणि इमेजिंगची बी.एस्सी. केली. एक्स-रे, सीटी, एमआरआय हे तंत्रज्ञाचं हक्काचं काम आहे. चेन्नईत ही परंपरा जुनी आहे. मद्रास मेडिकल कॉलेजची बर्नार्ड रेडिओलॉजी संस्था १९३४ पासूनची. हृदयाची आवड असेल तर कार्डियाक टेक्नॉलॉजीची बी.एस्सी. असते, त्यात हृदयतज्ज्ञांच्या हाताखाली इको शिकायला मिळते. आणि सोनोग्राफीच करायची असेल, तर सरळ मार्ग एमबीबीएस आणि पुढे रेडिओलॉजीचा. लांबचा आहे, पण खरा आहे.

फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. पदवी कोणत्या विद्यापीठाची? नेमणूकपत्रावर माझं पद काय लिहिलं जाईल? आणि तुमच्याकडे शिकून गेलेली दोन मुलं आज कुठे, काय काम करतात, त्यांच्याशी बोलता येईल का? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा माणूस विषय बदलायला लागला, तर उठा आणि घरी या. भिशीचे पैसे एकदाच मिळतात.

माझं जुनं प्रमाणपत्र अजून कपाटात आहे. फाडलं नाही. कोणाचा फोन आला की त्याचा फोटो पाठवते आणि म्हणते, हे बघ, आणि मग ठरव.